बुडालेल्या गल्लीतून नाव

पाण्यात रस्ते नसतात असं ज्याला वाटतं, तो आमच्या नावेत कधी बसलेला नाही. आमच्या नावेला रस्ता होता. त्याला तीन वळणं होती, एक अरुंद बोळ होता, आणि बोळाच्या तोंडाशी आलं की नावेतली माणसं समोरून बैलगाडी तर येत नाही ना म्हणून मान लांब करून बघायची. समोर पाण्याशिवाय काही नसायचं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या मुलाला गाठलं आणि वडिलांकडून भीमेवरच्या लाकडी नावांचा इतिहास लिहून घ्या म्हणून सांगितलं. मी जातीनं कोळी, धंद्यानं नावाडी आणि शिक्षणानं सातवी पास. इतिहासाला सनावळी लागते, ती माझ्यापाशी नाही. शिवाय माझा आजा, माझा बाप आणि मी, तिघांनी जन्मभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे एवढंच केलं. त्याचा इतिहास तो काय लिहायचा? पण धरणाचं पाणी आलं तेव्हाची थोडी वर्षं अशी गेली, की ती कुणाला तरी सांगावीत असं मला फार दिवस वाटतंय. गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. तरीही कुणाला ओळख पटली तर त्यानं कृपा करून गप्प बसावं. आम्हीही बसलो होतो.

आधी धंद्याचं सांगतो. धरणाआधीची आमची भीमा म्हणजे आठ महिने पायी ओलांडायची नदी. उन्हाळ्यात पोरं पात्रात विटीदांडू खेळायची. पावसाळ्यात मात्र दोन्ही काठ भरून तांबडं पाणी यायचं, आणि पिंपरतळ आणि शेलारवाडी या समोरासमोरच्या गावांमध्ये आमची नाव सुरू व्हायची. जिथं नाव नसायची तिथली माणसं गूळ करायच्या काहिलीत बसून पलीकडे जायची. काहील गरगर फिरते. एकदा बसलेला माणूस पुढच्या खेपेला नावेचीच वाट बघतो.

नाव सागाची, आतल्या फासळ्या बाभळीच्या. उन्हाळ्यात ती वाळूवर पालथी घालून फटींमध्ये अंबाडीचा काथ्या ठासायचा आणि वरून कढत डांबर फिरवायचं. खोल पाण्यात वल्हं मारायचं. उथळ पाण्यात लांब बांबू तळाला टेकवून रेटा द्यायचा. त्या बांबूच्या टोकाला वाळू लागली, गाळ लागला की खडक, हे वर तळहाताला कळतं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, तीच आमची मजुरी. आणखी एक काम आमच्याकडे होतं, ते लोक जेवताना बोलत नाहीत. नदीत कुणी बुडालं तर प्रेत कोळ्यानं काढायचं, आणि ते कुणाचं हेही कोळ्यानंच सांगायचं. पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या आईलाही ओळखू येत नाही. कोळ्यानं हा अमका म्हटलं की तो अमका. त्यावर गाव उलट विचारत नसे.

मग धरणाची भिंत चढली. आणीबाणी उठली त्या सुमाराला पाणी पिंपरतळच्या वेशीपाशी आलं. लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून गाड्यांत भरल्या आणि वर माळावर नवीन पिंपरतळ वसलं. रस्ते सुतासारखे सरळ, आणि सावलीला एक झाड नाही. बाजार, दवाखाना, कुर्डुवाडीला जाणारी एस.टी. सगळं शेलारवाडीच्या बाजूला, त्यामुळे नाव पाहिजेच होती. फक्त एका हाकेची नदी आता चार हाकांची झाली होती. माळावरून निघालेली नाव आधी जुन्या पिंपरतळावरून जायची, मग जुन्या नदीवरून, आणि मग पलीकडे लागायची.

पाणी ठरल्यावरची पहिली खेप मला लख्ख आठवते. बाजाराचा दिवस, नाव भरलेली. मी आपला शेलारवाडीच्या टेकडीकडे तोंड करून सरळ निघालो. थोडं पुढे गेलो असेन, तोच शिदू गुरव नावेत उभा राहिला. महादेवाच्या देवळाचा पुजारी तो. मुखवटा आणि घंटा त्यानं माळावर नेली होती, पण पिंड जमिनीतली, ती हलवता आली नव्हती.

"गणू, देवळावरनं नेतुयास व्हय रं? देवाच्या डोस्क्यावरनं?"

मी वल्हं थांबवलं. म्हटलं, "मंग कुटनं नेऊ?"

"आपली वाट हाय की. कुंभारआळीतनं घे."

नावेतल्या सगळ्यांनी एकदम एकाच दिशेला हात केला. मला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही, कारण कुंभारआळी नेमकी तिथंच होती हे मलाही ठाऊक होतं. एका वठत चाललेल्या बाभळीचा शेंडा पाण्यावर होता, ती कुंभाराच्या दारातली. तिला उजव्या हाताला ठेवून मी नाव वळवली. पुढे चावडीपाशी डावीकडे, मग मारवाड्याच्या दुकानाचा बोळ, मग घाट, आणि मग नदी. त्या दिवसापासून नाव पिंपरतळच्या गल्ल्यांतूनच जायला लागली. वाट दीडपट झाली, पण कुणी कुरकुर केली नाही.

हळूहळू नुसत्या देवळाचं राहिलं नाही. चावडीवरून जाताना सुना डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या, कारण चावडीवर म्हातारी माणसं बसलेली असायची. आता ती माळावर होती, किंवा कुठंच नव्हती, तरी पदर पुढे यायचा. देवळाच्या बाजूनं जाताना सगळे पायातलं काढायचे. एकदा बार्शीचा एक कापडवाला नावेत होता. भर पाण्यात अख्ख्या नावेनं वहाणा काढलेल्या बघून त्यानं मुकाट्यानं बूट काढून मांडीवर घेतले, आणि शेलारवाडी येईपर्यंत घातले नाहीत. परत तो आमच्या बाजूला आला नाही.

दोघे भाऊ होते, त्यांचा बांधावरून जन्माचा तंटा. रान बुडालं, बांध बुडाला, पैसेही मिळाले. तरी नाव घाटाकडे निघाली की थोरला म्हणायचा, "माज्या हद्दीतनं घे रं गणू, त्याच्यात जाऊ नगंस." धाकटा नावेच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसलेला असायचा. अशा वेळी आम्ही हसायचो. पण त्या पाण्यावर हसू फार वेळ टिकत नसे.

कारण खाली गाव अजून मरत होतं. मातीच्या घरांना पाण्यात जीव सोडायला वेळ लागतो. एखाद्या निवांत दुपारी सपाट पाण्यातून अचानक मोठा बुडबुडा वर यायचा, गढूळ, आणि फुटला की शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास सुटायचा. बाया म्हणायच्या, "कुनाचं तरी घर बसलं." मग ते कुणाचं, हे वासावरून आणि जागेवरून ठरवायच्या, आणि जिचं असेल ती डोळ्याला पदर लावायची. कधी माझा बांबू खोल जात जात अचानक टक् करून थांबायचा. खाली कुणाचं तरी माळवद, नाहीतर देवडीची भिंत. दारावर थाप मारावी तसा तो आवाज नावेच्या लाकडातून सगळ्यांच्या बुडाखाली जायचा आणि बोलणं बंद पडायचं. आतून कुणी ओ देईल की काय, अशी ती शांतता असायची. मी भूतंखेतं मानत नाही. पण पुढे पुढे त्या भागात मी बांबू आत घालणंच सोडलं, नुसतं वल्हं मारायचो.

या नावेत दर बाजाराला सोनाक्का असायची. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

तिचं घर वरच्या आळीला, पुढची भिंत दगडी. गाव उठलं तेव्हा ती पोरीला घेऊन सामानाच्या गाडीबरोबर माळावर आली. तिचा नवरा निवृत्ती मागे राहिला होता. दार, चौकट आणि तुळया काढून तो मागनं येणार होता. लोक त्याला म्हणाले, चल, पाणी वेशीत आलंय. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मी न्हाय येत. बापानं बांदलंय, हितंच ऱ्हानार." सगळ्यांना वाटलं राग आहे, उतरेल. दोन दिवसांत पाणी ओट्याला लागलं, आणि निवृत्ती आला नाही.

त्याचा भाऊ कुर्डुवाडीच्या स्टेशनावर जाऊन आला, पाहुण्यांकडे फिरून आला. कुठंच पत्ता नव्हता. गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे दार आतून लावून बसला आणि घराबरोबर गेला. दुसरा म्हणे बायकोला टाकून पळाला. सोनाक्का दोन्ही पक्षांच्या मधोमध. कुंकू लावावं तर बाया कुजबुजत, पुसावं तर कशाच्या आधारावर पुसावं? हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे बायांना ठरवता येत नसे, मग बोलवायच्याच नाहीत.

तेवढं ती सोसत होती. तिचा जीव अडकला होता पोरीत. रखमा लग्नाची झालेली. बार्शीकडचं एक स्थळ चालून आलं, पोरगी पसंत पडली. मग मुलाच्या चुलत्यानं विचारलं, बाप हाय का न्हाय? हाय म्हटलं तर दाखवावा लागतो. न्हाय म्हटलं तर लोकांना कीव येते, लग्न होतं. पण ठावं न्हाय या उत्तराला लग्नाच्या बाजारात किंमत नाही. पाहुणे सुपारी न फोडता उठले, पण दार पूर्ण लावून गेले नाहीत. कळवा म्हणाले.

नावेत ती मागच्या टोकाला, माझ्याजवळ बसायची. वरची आळी आमच्या वाटेला लागत नव्हती, डाव्या हाताला राहायची. कुंभाराची बाभळ मागे पडली की ती म्हणायची, "गणूभाऊ, जरा थांबा की."

मी वल्हं उचलून धरायचो. नाव आपोआप हलत राहायची. ती डावीकडे पाण्यात बघायची, आणि नावेतलं कुणी तिला लवकर चल म्हणायचं नाही. मग ती म्हणायची, "चला." एवढंच. खाली तो बसला असेल, असं नावेतल्या प्रत्येकाच्या मनात येत असणार. माझ्या यायचं. दगडी भिंतीआड, चुलीपाशी, गळ्यापर्यंत अंधार घेऊन.

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला आणि धरणातून पाणीही बरंच सोडलं. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं. आधी देवळाचा कळस वर आला, मग चावडीची भिंत, मग एकेक दगडी बांधकाम. शेवाळ लागलेलं, चिखल ल्यालेलं गाव पाण्यातून डोकं वर काढत होतं आणि माळावरची माणसं लांबून बघत होती. खाली उतरायला कुणी तयार नव्हतं. मग एका दुपारी सोनाक्का काठावर आली.

"गणूभाऊ, घर वर आलंय. मला न्या."

तिच्या दिरानं यायला नकार दिला होता. तिच्या हातात कोरं पांढरं कापड होतं, घडी घातलेलं. ते कशासाठी हे मी विचारलं नाही.

नाव घेऊन आम्ही निघालो. बोळाबोळांत अजून कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे नाव खरोखरच गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंना भिंती. माझ्या वल्ह्याचा आवाज भिंतींवरून परत येत होता, आणि मागून आणखी एक नाव येते आहे असं वाटत होतं. मी दोनदा वळून बघितलं. सोनाक्कानं एकदाही बघितलं नाही.

घराचं माळवद आत कोसळलेलं, आतली खोली गाळानं भरलेली. पुढची दगडी भिंत मात्र उभी होती, आणि तिच्यात दार होतं. निवृत्तीनं ते काढलंच नव्हतं. मी नाव ओट्याला लावली. ती उतरली, घोटाभर चिखलातून दारापाशी गेली आणि थांबली.

दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला कुलूप होतं.

गंजून त्याचा गोळा झाला होता, पण लावलेलं होतं. सोनाक्कानं त्याला हात लावला. मग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी ओट्यापाशी नाव धरून उभा होतो.

"आमच्या घरात येकच कुलूप," ती म्हणाली. "आतल्या खुंटीला असायचं. किल्ली त्यांच्या करदोट्याला."

"व्हय."

"मी गेले तवा दार उगडं व्हतं." मग कुलूप सोडून म्हणाली, "बुडनाऱ्या घराला कुनी कुलूप लावतं व्हय, गणूभाऊ?"

मी जन्मभर पाण्यातून काढलेली माणसं बघितली आहेत. त्यांच्या बायकांचं रडणं ऐकलंय. त्या दुपारी सोनाक्का रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं रडायचं नाव काढलं नाही. दोन वर्षं ती खाली मेलेल्या नवऱ्याकडे बघत होती, आणि तो दार नीट लावून, किल्ली कंबरेला बांधून चालत गेला होता. मला त्याचा फार संताप आला.

तिनं दारापाशी पडलेला एक दगड उचलला, पांढऱ्या कापडात बांधला, गाठ मारली आणि नावेत येऊन बसली. म्हणाली, "डोहावर घ्या."

घाटाखालचा डोह आमच्या सगळ्या पाण्यात खोल. तिथं मी नाव थांबवली. तिनं हात जोडले आणि ते गाठोडं पाण्यात सोडलं. ते गेलं तिथं आम्ही दोघंही बघत राहिलो. बुडबुडासुद्धा आला नाही.

काठावर निम्मं गाव उभं होतं. तिचा दीर पुढे आला. "काय झालं, वैनी?"

"व्हते," ती म्हणाली. "वर आनन्यासारकं न्हवतं. कापडात बांदलं आन डोहात सोडलं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्यातल्या माणसाची साक्ष कोळ्याची. पोलीस पाटीलही होता, पण त्याची निम्मी हद्द पाण्याखाली गेलेली आणि तिच्यात काय सापडतं याची त्याला फार हौस नव्हती. मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? खरं बोलायला तोंड उघडलं असतं तर तिचं आणि पोरीचं दोघींचं आयुष्य त्या एका कुलपात गेलं असतं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

सोनाक्का उतरायच्या आधी वाकली आणि नावेच्या काठावर दोन्ही हात आपटले. बांगड्या फुटल्या. काचा माझ्या नावेत पडल्या, त्या वेचताना माझं बोट कापलं.

दहावा पाण्याकाठीच केला. पिंड ठेवला आणि सगळे लांब सरकून बसले. आमच्याकडे कावळे काय कमी? देवळाच्या उघड्या पडलेल्या कळसावर रांग लावून बसले होते. एकही उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली, असं धरून एकेक जण पुढे होऊन वचन द्यायला लागला. आळीतल्या एकानं त्याची म्हैस सांभाळीन म्हटलं. दीर पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "दादा, रखमाचं लगीन मी करतो. तुजी शप्पत." तरी कावळा हलेना. ऊन चढत होतं. लोकांची चुळबुळ सुरू झाली, मग चुळबुळही थांबली, आणि जो तो दुसऱ्याचं तोंड बघायला लागला. मला आणि सोनाक्काला ठाऊक होतं कावळा का येत नाही. ती मान खाली घालून बसली होती. मी भूतंखेतं मानत नाही म्हणता म्हणता त्या पाखरांना मात्र सगळं कळलंय अशी माझी खात्री पटली होती. शेवटी शिदू गुरवानं दर्भाचा कावळा वळला, तो पिंडाला लावला आणि सगळे उठले.

पावसाळ्याआधी रखमाचं लग्न झालं. बाप गेलेली पोर म्हणून बार्शीकडच्या माणसांनी मानपानाचा आग्रह धरला नाही. दिरानं शब्द पाळला. पाणी परत चढलं, घरं परत बुडाली, नाव परत गल्ल्यांतून चालायला लागली. सोनाक्का आता थांबा म्हणत नसे.

त्यानंतर वर्ष उलटून गेलं असेल. चैत्रातली भर दुपार, पाण्यावर वारा नाही. शेलारवाडीच्या काठावर मी नावेला टेकून डुलकी काढत होतो. "गणू," अशी हाक आली. डोळे उघडले तर समोर निवृत्ती.

गाल आत गेलेले, दाढी पांढरी, हातात पिशवी. तो जिवंत आहे हे या जगात मला आणि सोनाक्कालाच ठाऊक होतं. पण त्याचा दहावा मी डोळ्यांनी बघितला होता. मी त्याच्या पायांकडे बघितलं. वहाणा होत्या, धूळ होती, सावली होती.

"पिंपरतळला सोड की," तो म्हणाला.

मी नाव सोडली. त्याला नको म्हणायला हवं होतं की काय, हे मला आजही कळत नाही. तो पुढच्या टोकाला पाठ करून बसला. जुनी नदी ओलांडली, घाट आला, मी बोळाकडे वळवलं. तो चमकून उठला. "मारवाड्याच्या बोळातनं नेतुयास व्हय?"

"सगळी तशीच जात्यात."

तो परत बसला. चावडी आली तेव्हा मी विचारलं, "कुटं व्हता, नाना?"

"मिरजंकडं. ईटभट्टीवर." मग म्हणाला, "पानी ओट्याला लागलं, तसा उटलो. दार वडून घेतलं, कुलूप लावलं. किल्ली आजून हाय बग. माळावर यायचंच म्हनून निगालो, गणू. पाय दुसरीकडंच गेले. त्या उगड्या माळावर जाऊन पुन्ना पैल्यापास्नं घर बांदायचं, ह्येचं भ्या वाटलं मला. लाज वाटती सांगाया. आता कंटाळलो. सोनी कशी हाय?"

मला वाटलं होतं मी त्याला शिव्या घालीन. पण माणूस इतका थकलेला होता की शिवी देऊन काय करायचं. मी वल्हं उचलून धरलं. कुंभाराच्या बाभळीचं खोडच तेवढं पाण्यावर उरलं होतं, त्याच्या अलीकडे नाव थांबली.

"तुमचा दहावा झालाय, नाना. पोरगी बार्शीकडं दिली. बाप गेला म्हनून सांगून दिली. तिला ल्योक झालाय."

तो माझ्याकडे वळला नाही. नुसती पाठ दिसत होती. पाणी इतकं स्थिर होतं की नाव एका जागी खिळल्यासारखी वाटत होती.

"कावळा शिवला?" त्यानं विचारलं.

"न्हाय. दर्भाचा केला."

"सोनीनं कुलूप बगितलं?"

"व्हय. माज्यासंगच व्हती."

तो बराच वेळ उजवीकडे, वरच्या आळीच्या पाण्याकडे बघत राहिला. समोर माळ दिसत होता, घरांचे पत्रे उन्हात चमकत होते, एक हाक मारली असती तर पोचली असती. मी वाट बघत होतो की तो काय म्हणतो. चल म्हणाला असता तर मी नेलं असतं. नावाडी माणसाला मधे पाण्यात उतरवत नाही.

"म्हंजे तिला ठावं हाय मी जिता हाय ते," तो म्हणाला. "ठावं असून दहावा केला."

"व्हय."

"मंग मला परत सोड."

मी नाव फिरवली. येताना तो पिशवी मांडीवर धरून बसला. शेलारवाडीला उतरला, पिशवी खांद्याला लावली आणि एस.टी.च्या रस्त्याला लागला. मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या बाजाराला सोनाक्का नेहमीपेक्षा लवकर आली, नावेत दुसरं कुणी नव्हतं. थोडं थांबू, माणसं येतील, असं मी म्हणणार तोच ती म्हणाली, "चला तुमी." मी निघालो. बाभळीचं खोड मागे गेलं, चावडी गेली. तिनं पदर पुढे ओढला नाही. बोळात शिरलो तेव्हा ती पाण्याकडे बघतच बोलली.

"माळावरनं दिसलं मला. नाव बाबळीपातुर आली आन फिरली."

मी वल्हं मारत राहिलो.

"फिरली तवा पुडं पाठमोरा मानूस व्हता. बसायची तऱ्हा वळखली मी."

"व्हय, अक्का."

मला वाटलं आता विचारील, काय म्हणाला, कुठं असतो, परत येणार का. मी मनात उत्तरं जुळवायला लागलो. बोळ संपला, घाट गेला, नाव जुन्या नदीवर आली. शेलारवाडीचा काठ जवळ दिसायला लागला, तेव्हा तिनं विचारलं,

"लई वाळला व्हता का?"